फियाट 1100 च्या डॅशबोर्डवरचे जुने स्विच: खोलून दुरुस्त करावेत की नवे बसवावेत?

नौपाडाकर
मंडळी, आमच्याकडे काकांची 1968 ची फियाट 1100 डिलाईट आहे. इंजिन ठणठणीत, पत्राही बऱ्यापैकी शाबूत. दुखणं आहे ते डॅशबोर्डवरच्या टॉगल स्विचांचं. मीटरच्या दिव्याचा टॉगल चार-पाच वेळा वरखाली केल्याशिवाय लागत नाही. बाहेरच्या दिव्यांचा लागतो, पण थोड्याच वेळात बोट ठेववत नाही इतका तापतो आणि हेडलाइट पिवळट पडतात. वायपरचा स्विच जागेवरच डुगडुगतो.

वागळे इस्टेटमधल्या एका वायरमनला दाखवली. त्याने डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "काढून टाका साहेब, भोकं मोठी करून नवे रॉकर (दाबायचे चपटे स्विच) बसवतो, तासाभराचं काम." भोकं मोठी करू द्यायला माझं मन धजत नाही. एकदा पत्रा कापला की तो डॅशबोर्ड पुन्हा पहिल्यासारखा होणार नाही.

तर विचारायचं असं: हे स्विच रंगाला ओरखडा न येता बाहेर कसे काढायचे? आणि पंचावन्न वर्षांपेक्षा जुना स्विच खोलून पुन्हा भरवशाचा होतो का? माझा कल मूळचेच ठेवण्याकडे आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ठाणे_वेस्ट
भोकं मोठी करू नका. एवढंच सांगायला लॉगिन केलं.

घोडबंदरचा_पांथस्थ
मी उलट बाजूने बोलतो. तुम्ही गाडी प्रदर्शनात ठेवणार की चालवणार? रात्री घोडबंदर रोडवर गायमुखच्या वळणावर, मागे कंटेनर, पुढे कंटेनर, आणि तुमचे हेडलाइट गेले तर जुनेपणाचं कौतुक कोण करणार आहे? माझ्या मित्राच्या पद्मिनीत आम्ही डॅशखाली वेगळी पट्टी लावून नवे स्विच बसवले. मूळ डॅश तसाच आहे, फक्त ते टॉगल आता शोभेचे. सुरक्षितता आधी.

तांब्याची_तार
पांथस्थ, मुद्दा रास्त आहे, पण रोग स्विचमध्ये नाही, स्विचवर टाकलेल्या भारात आहे. जरा हिशेब करू.

जुने हेडलाइट बल्ब 45/40 वॅटचे. दोन्ही मिळून अप्परला 90 वॅट, म्हणजे 12 व्होल्टवर साडेसात अँपिअर. नंतर कोणीतरी 60/55 चे हॅलोजन घातले की झाले 10 अँपिअर, वर टेललॅम्प आणि नंबरप्लेटचा दिवा वेगळा. हा सगळा करंट त्या टॉगलच्या आतल्या दोन बारीक टिकल्यांमधून जातो. टिकल्या काळवंडल्या की रोध वाढतो. समजा स्विचवर फक्त 1 व्होल्ट पडतोय. साडेसात अँपिअरला ती झाली साडेसात वॅट उष्णता, काडेपेटीहून लहान जागेत. म्हणून तापतो. उष्णतेने आतली पितळी पट्टी मऊ पडते, दाब कमी होतो, रोध आणखी वाढतो. चक्र सुरू.

आणि दिवे पिवळे का? बल्बला मिळणारं व्होल्टेज 10 टक्क्यांनी कमी झालं तर उजेड साधारण 30 टक्क्यांनी घटतो. म्हणजे सव्वा व्होल्ट वाटेत हरवला तरी एक तृतीयांशाच्या आसपास उजेड गेला.

तेव्हा नौपाडाकर, आधी मोजा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, दिवे लावा, आणि दोन टोकं त्याच स्विचच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या टर्मिनलला लावा. 0.2 च्या आत आलं तर स्विच निर्दोष, दोष पुढे कुठेतरी. अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर खोला.

वाशीचा_वाटाड्या
वाखूसा (वाचनखूण साठवली)! दिवाळी अंकातल्या लेखापेक्षा जास्त मजकूर मिळाला.

कोपरीची_ऋता
मी डिप्लोमा मेकॅनिकल. बाबांची मॉरिस मायनर आम्ही दोघांनी मिळून उभी केली, त्यामुळे स्विच काढण्याबद्दल नेमकं सांगू शकते.

सगळ्यात आधी बॅटरी. जी तार बॉडीला बोल्टने जोडली आहे ती पहिली काढायची, कारण पान्हा चुकून पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही. तुमच्या फियाटमध्ये ती निगेटिव्ह असेल. आमच्या मॉरिसमध्ये पॉझिटिव्ह आहे, लुकास कंपनीची विजेची उपकरणं असलेल्या जुन्या इंग्रजी गाड्यांत तसं असायचं. म्हणून रंगावर जाऊ नका, तार कुठे जाते ते डोळ्यांनी पाहा.

मग फोटो. एक लांबून, एक प्रत्येक स्विचच्या मागून, अंधारात फ्लॅश मारून. प्रत्येक तारेला मास्किंग टेपचं शेपूट आणि त्यावर बॉलपेनने खूण. तारांच्या रंगावर विसंबू नका, इतक्या वर्षांत कोणी कोणती तार घातली असेल देव जाणे. जुन्या तारेचं आवरण कडक झालेलं असतं, वाकवलं की तडकतं. आधी हेअर ड्रायरची कोमट हवा फिरवा, मग हलवा.

टॉगलची गोल रिंग असते, तिला दोन खाचा असतात. पक्कड लावायची नाही. मी सांगते ती जागा ओळखीची वाटेल: जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीत त्या रिंगच्या कडेला पकडीच्या दातांचे ओरखडे असतात आणि शेजारी रंगावर एक चंद्रकोर उमटलेली असते. ते टाळायचं. जुना बॉक्स पान्हा घ्या, रिंगच्या मापाचा, त्याचं तोंड कानशीने घासून फक्त दोन दात शिल्लक ठेवा. ते दात खाचांत बसले पाहिजेत. डॅशवर आधी दोन थर मास्किंग टेप. रिंगवर आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकच थेंब, काडीने. स्प्रे मारू नका, तो आत झिरपतो. फिरवताना दुसऱ्या हाताने मागून स्विचची बॉडी धरून ठेवा, नाहीतर अख्खा स्विच फिरतो आणि तारा पिळवटतात.

मॉरिससारखे ओढायचे नॉब असतील तर वेगळं. नॉबच्या दांडीला खालच्या बाजूने एक बारीक भोक असतं, त्यात स्प्रिंगवरची पिन. खिळ्याच्या टोकाने ती दाबली की नॉब सुटतो. हे माहीत नसल्यामुळे लोक नॉब पिळून तोडतात.

नौपाडाकर
ऋताताई, अगदी हेच हवं होतं. आणि हो, चंद्रकोर आहे! वायपरच्या स्विचशेजारी. आमच्या आधी कोणीतरी हात मारलेला दिसतो.

डुक्करप्रेमी
अवांतर: डिलाईट सुंदरच, पण खरी फियाट म्हणजे डुक्कर फियाट. ते गोल नाक, तो फुगीर पाठीचा डौल. लहानपणी जांभळी नाक्यावर एक उभी असायची, आम्ही पोरं शाळेतून येताना तिच्या नाकाला हात लावून जायचो.

घोडबंदरचा_पांथस्थ
अवांतराला अवांतर: पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीसुद्धा संपल्या. शेवटची 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर एकही नाही. ज्या गाडीने दोन-तीन पिढ्यांची शहराशी ओळख करून दिली ती अशी तारीख लावून गेली, याचं वाईट वाटतं.

वाशीचा_वाटाड्या
आणि बनत होत्या कुर्ल्याला, आपल्या दारात. 1964 ला डिलाईट, 1972 ला प्रेसिडेंट, 1974 ला पद्मिनी. गाडी तीच, पाटी बदलली. नौपाडाकर, यात तुमचा फायदा आहे. पद्मिनीचे सुटे भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारात अजून सापडतात. सगळेच स्विच डिलाईटला जसेच्या तसे बसतील असं समजू नका. आपला स्विच खिशात घालून जा आणि शेजारी ठेवून बघा. बंद पडलेला असला तरी घ्या, आतल्या पट्ट्या, छर्रे, रिंगा कामाला येतात.

कळवा_खाडी
मूळ प्रश्नाकडे. मी इलेक्ट्रिकल पॅनेलच्या कामात आयुष्य काढलं, आता निवृत्त. स्विच उघडण्याबद्दल सांगतो, कारण खरी नजाकत तिथे आहे.

या टॉगलमध्ये आत एक स्प्रिंग आणि तिच्या टोकाला छर्रा किंवा गोल टोकाची पिन असते. दांडी वरखाली केली की छर्रा एका पाळण्यासारख्या पट्टीवर घरंगळतो आणि पट्टी पलीकडे टेकते. तो "टक" आवाज त्याचाच. स्प्रिंग दाबलेली असते. तुम्ही बॉडीचे कान सरळ केले की छर्रा उडतो, आणि तो उडाला की पलंगाखाली, कपाटाखाली, कुठेही. म्हणून जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून उघडा. खाली परात, परातीत ओला पंचा. ओल्या कापडावर छर्रा उसळत नाही.

कान सरळ करताना एका दमात करू नका. प्रत्येक कान थोडा थोडा, आळीपाळीने. ही पत्र्याची पाकळी जेमतेम तीनदा वाकणं सहन करते, पुढे तुटते. एक वाकणं कारखान्यात झालंय, एक तुमचं उघडताना, आणि एक बंद करताना. म्हणजे हिशेब काठावरचा आहे. रिव्हेट असतील तर मागचं डोकं ड्रिलने हलकेच खा, बंद करताना बारीक पितळी स्क्रू आणि नट लावा.

आत काय दिसेल? वाळून मेण झालेलं ग्रीस, त्यात काळी पूड. आपल्याकडे खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे पितळेवर हिरवा थर. तो सगळा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने काढा. टिकल्या चांदीच्या असतात. त्यांच्यावरचा काळा थर पाहून घाबरू नका आणि पॉलिशपेपर तर मुळीच लावू नका. त्याचे कण चांदीत रुततात आणि पुढे तिथेच ठिणगी पडते. जाड कोरा पुठ्ठा, लग्नपत्रिकेचा चालतो, त्यावर कॉन्टॅक्ट क्लीनर शिंपडा, दोन टिकल्यांमध्ये धरा आणि ओढा. पुठ्ठा काळा निघेल. नवा घ्या. पांढरा निघेपर्यंत.

खड्डे खोल पडले असतील तर अगदी बारीक कानशीचा एक-दोन हात, तोही फक्त उंचवटा उतरवण्यापुरता. चांदीचा थर पातळ असतो.

ठाणे_वेस्ट
काका, चिंच-मीठ चालेल का? पितांबरी तर आपल्या ठाण्याचीच, घरात कायम असते.

कळवा_खाडी
तांब्याच्या कळशीला खुशाल लावा. स्विचच्या आत नको. मिठातलं क्लोराइड फटीत राहतं आणि दमट हवेत महिन्याभरात पुन्हा हिरवं. पावडरचे कणही आत राहून जातात. बाहेरची रिंग सुटी करून घासली, धुतली, वाळवली तर हरकत नाही, पण तिच्यावर क्रोम असेल तर तिथेही नुसता साबण.

तांब्याची_तार
काकांच्या प्रतिसादाला +1. ग्रीसबद्दल एक भर: सिलिकॉन ग्रीस टिकल्यांच्या जवळ नेऊ नका. ठिणगीच्या उष्णतेने सिलिकॉनची काचेसारखी कठीण, वीज न वाहणारी पूड होते. छर्रा आणि पाळण्याला लिथियम ग्रीसचा ठिपका, टिकल्या कोरड्या. बाहेरच्या टर्मिनलवर जोडणी झाल्यावर पेट्रोलियम जेलीचा हलका हात द्या, दमट हवेपासून राखण होते.

आणि आतल्या बेकेलाइटवर जळल्याची काळी रेघ दिसली तर ती नीट खरवडा. जळलेला भाग म्हणजे कार्बन, त्यातून करंट सरपटतो. खरवडूनही रेघ खोल जात असेल तर तो तळ बाद. तिथे मूळचं वाचवण्याचा हट्ट नको.

डुक्करप्रेमी
बाहेरच्या दांडीचं काय? माझ्याकडच्या काळ्या दांड्या उन्हाने तपकिरी, खडबडीत झाल्यात.

कोपरीची_ऋता
बेकेलाइट असेल तर तो वरचा मेलेला थर आहे. हे द्रव्य लिओ बेकलंडने 1907 मध्ये तयार केलं. त्यात लाकडाच्या भुशासारखी भर असते. वरचा गुळगुळीत थर झिजला की ती उघडी पडते आणि पाणी शोषते. म्हणून भिजत घालू नका. मऊ कापडावर धातूचं बारीक पॉलिश घेऊन गोल गोल चोळा, कापड तपकिरी होत जाईल. मग मेणाचा हात. पूर्ण काळी होणार नाही, पण खोलवर चमक येते.

साधं प्लास्टिक असेल तर नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली त्या खोलीतही आणू नका. त्यातल्या ॲसिटोनने एबीएस जातीचं प्लास्टिक विरघळतं.

नॉबवर कोरलेली अक्षरं पुसट झाली असतील तर खाचेत पांढरा ऑइलपेंट काडीने भरा, दहा मिनिटं थांबा, आणि रॉकेलचा वास लागण्याइतपतच ओलसर कापड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ताणून वरून एकदाच फिरवा. बोटाने पुसलं तर कापड खाचेत शिरतं आणि रंग बाहेर येतो.

नेरूळ_लॅब
तुटलेल्या दांड्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये 3डी प्रिंट करता येतात. मीच करून देईन, फक्त नमुना पाठवा.

तांब्याची_तार
नेरूळ_लॅब, स्वागत! पण पीएलए प्लास्टिकमध्ये करू नकोस रे. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात बंद गाडीचा डॅश उन्हात त्याच्या पुढे जातो. एबीएस घे.

नेरूळ_लॅब
हो दादा, एबीएसच. शिकवलंय आम्हाला :)

घोडबंदरचा_पांथस्थ
सगळं पटलं, तरी माझा प्रश्न उरतोच. साफ केलेला स्विच पुन्हा 10 अँपिअर ओढणार, पुन्हा काळवंडणार. पाच वर्षांनी पुन्हा परात आणि पंचा?

तांब्याची_तार
नाही, कारण आता रिले लावायचा, म्हणजे थोड्या करंटवर चालणारा आणि मोठा करंट जोडणारा आपोआप स्विच. डॅशला हात न लावता. लोअर आणि अप्परला एकेक, बॉनेटखाली, मूळच्या तारा न कापता. रिलेच्या 30 नंबरच्या टर्मिनलला बॅटरीकडून फ्यूजमार्गे जाड तार, 87 बल्बकडे, 85 बॉडीला, आणि 86 ला ती जुनी तार जी आधी हेडलाइटला जायची. जुन्या स्विचमधून आता फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, 0.2 अँपिअरच्या आत. टेललॅम्पचा भार वेगळा, पण तो किरकोळ. स्विच आयुष्यभर थंड राहतो. बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळतं, म्हणजे तुमची गायमुखची काळजीही मिटली. आणि कधी मूळ रूप हवं असेल तर दोन टर्मिनल काढली की गाडी 1968 मध्ये परत.

फ्यूज बॉक्सही बघा. जुन्या पद्धतीचे चिनी मातीचे फ्यूज असतील तर पांढरा 8 अँपिअरचा, लाल 16 चा. आठच्या जागी कोणी सोळाचा खोचला असेल तर तार जळेल आणि फ्यूज शाबूत राहील. त्यांची टोकं आणि खालच्या पितळी चिमट्याही काळ्या पडतात. निम्मे "स्विच खराब" तिथेच बरे होतात.

घोडबंदरचा_पांथस्थ
हे मान्य. मित्राच्या पद्मिनीची पट्टी काढून असंच करू या, त्याच्याशी बोलतो.

कागदपत्रवाला
रिलेने "मूळ स्वरूप" बिघडतं का, ही शंका कोणाच्या मनात असेल तर: जुलै 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. वायरिंगची अशी देखभाल त्यात येत नाही. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, फेरनोंदणी 5,000. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पण नौपाडाकर, एक नीट समजून घ्या. ही नोंदणी घेतली की गाडी रोजच्या कामाला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं, एवढ्यापुरतीच. काकांना गाडीतून फिरायचं असेल तर घाई नको.

नौपाडाकर
काकांना रविवारी सकाळी मासुंदा तलावाला चक्कर लागतेच, त्यामुळे तो विचार तूर्त नाही. माहितीबद्दल आभार.

प्रगती सांगतो. मोजलं. दिव्यांच्या टॉगलवर 1.4 व्होल्ट पडत होते. बॉक्स पान्ह्याचे दात करून रिंग सोडवली, डॅशवर एकही ओरखडा नाही. पिशवीत उघडला, छर्रा पिशवीतच सापडला. आत खरोखर काळं मेण. पुठ्ठ्याच्या पट्ट्या काळ्या निघत गेल्या आणि अखेर पांढरी आली. बंद केल्यावर 0.1 व्होल्ट. मीटरच्या दिव्याचाही तसाच केला, आता पहिल्या टिचकीला लागतो. काकांनी तो चालूबंद करायचं थांबवलंच नाही, कानाजवळ नेऊन आवाज ऐकत बसले होते.

रिले पुढच्या आठवड्यात. अडलंय ते वायपरपाशी. त्या स्विचला दोनऐवजी जास्त तारा आहेत. बंद केल्यावर काट्या मधेच थांबतात, खाली येत नाहीत. स्विच की मोटर?

कळवा_खाडी
कानाजवळ नेऊन ऐकणारे काका आवडले.

वायपर असा. स्विच बंद केल्यावरही काट्या खाली येईपर्यंत मोटरला करंट मिळत राहावा म्हणून मोटरच्या आत वेगळा संपर्क असतो, आणि त्याची तार स्विचवर येते. म्हणून जास्त तारा. मधेच थांबतात याचा अर्थ तो रस्ता कुठेतरी तुटलाय. तुमच्या त्या चंद्रकोरीवरून संशय येतो की आधीच्या कोणीतरी स्विच काढला आणि तारा अदलाबदल करून लावल्या. अंदाजाने जोडून बघू नका, काही जोडण्यांमध्ये थेट शॉर्ट होऊन फ्यूज जातो.

स्विच सुटा करा. मल्टिमीटर बझरवर (जोडणी असली की वाजतो) ठेवून बंद स्थितीत कोणती दोन टर्मिनल आपापसात जोडलेली आहेत ते कागदावर काढा. मग चालू स्थितीत. बंद असतानाही जी जोडी वाजते तीच थांबण्याची. एकही जोडी वाजली नाही तर स्विचची आतली पट्टी तुटली, कुर्ल्याला जावं लागेल. वाजली तर स्विच बरोबर आहे, मग मोटरचं मागचं झाकण.

कोपरीची_ऋता
झाकण उघडण्याआधी मोटरची अर्थ तार बघा. गंजलेली असली तरी काट्या अशाच रेंगाळतात.

नौपाडाकर
बझर लावला. बंद स्थितीत एक जोडी वाजते, पण त्यातली एक तार भलत्याच टर्मिनलवर होती. जागेवर लावली, बॅटरी जोडली, काट्या खाली येऊन बसल्या. आता दांडीचा डुगडुगेपणा उरला, आतली पितळी चकती झिजलीय. नेरूळ_लॅब, चकतीचं माप व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. प्लास्टिकची चालेल की पितळेचीच हवी?

नेरूळ_लॅब
पितळेची. लॅबमध्ये लेथ आहे. जुनी चकती पाठवा, झिजलेली असली तरी आतलं भोक मोजता येईल.